संयोग म्हणजे काय, सिस्टर?

"सिस्टर, जरा दार लोटा."

नोकरीच्या काळात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे काय येणार याचा अंदाज मला दार लोटता लोटताच यायचा. खोकला, ताप, गळू यांसाठी कोणी दार लोटायला सांगत नाही. दार लोटलं की बाई आधी पदर सारखा करते, मग खिडकीकडे बघते आणि मग म्हणते, "माझं नाही हो, आमच्या शेजारणीचं विचारायचं होतं." मी त्या शेजारणीला भरपूर औषधं दिली आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली भिवंडी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात झाली. कल्याण रस्त्याच्या बाजूची, कोन गावाच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. मी नगर जिल्ह्यातली. इथली बोली कानात बसायला मला वर्ष लागलं. गावात आगरी शेतकरी, घरटी एखादा माणूस लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटीला, आणि भिवंडी शहरात शिरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट. वीज असेपर्यंत माणसं ओरडूनच बोलायची. वीज गेली की सगळं गाव एकदम गप्प व्हायचं आणि मग कुणाच्या घरात काय भांडण चाललंय ते शेजारच्या आळीला कळायचं.

नर्सचं काम बाहेरून दिसतं तेवढं सुईचं नसतं. बाळंतपणं, लसी, रक्तवाढीच्या गोळ्या, आणि त्या काळात सगळ्यांत वर कुटुंब नियोजनाचं टार्गेट. किती बायकांना तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवली, किती ऑपरेशनं झाली, याचा हिशोब वरिष्ठ आमच्याकडून दरमहा घ्यायचे. एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकायची. सरकारच्या लेखी मुलगी लहानपणीच्या लसींपर्यंत असायची, आणि त्यानंतर एकदम लग्न झाल्यावर भेटायची. मधली दहा-पंधरा वर्षं ती कुठे असते, काय विचार करते, हे विचारायचं कामच कुणाकडे नव्हतं. माझ्याकडे ते आलं तेही एका चांगल्या माणसाच्या चांगल्या भाषणामुळे.

आमचे डॉक्टर तरुण होते, मनमिळाऊ होते. गावच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक एकदा केंद्रात आले आणि म्हणाले, नववीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, आमचे शिक्षक तो 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात, तुम्ही येऊन शिकवाल का? डॉक्टर लगेच तयार झाले. मुलग्यांना मैदानावर पिटाळण्यात आलं, मुलींना वर्गात बसवलं. मी चार्ट धरून उभी राहिले. चार्टवर बाईच्या पोटाचा उभा छेद होता, त्यावर बाण, बाणाच्या टोकाला संस्कृत नावं. शाळेला लागून लूमची शेड होती, त्यामुळे डॉक्टरांना घसा ताणून बोलावं लागत होतं. ते "गर्भाशय" म्हणाले त्याच क्षणी वीज गेली. लूम बंद, सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेत तो शब्द मैदानापर्यंत गेला. मैदानावर हशा पिकला. मुलींनी माना खाली घातल्या त्या शेवटपर्यंत वर केल्या नाहीत.

डॉक्टरांनी न डगमगता धडा पुरा केला. पुरुषाचा शुक्राणू आणि स्त्रीचं बीज यांचा संयोग होतो, हे दोन्ही इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, संयोगानंतर पाळी थांबते आणि गर्भ वाढू लागतो. "काही शंका?" असं त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. परतताना ते समाधानाने म्हणाले, "सगळ्यांना समजलेलं दिसतंय." मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी हिराबाई आली. चाळिशीच्या आतलीच बाई, नवरा लूमवर, स्वतः भाताची शेती बघायची. तिने दार लोटायला सांगितलं, पण शेजारणीची गोष्ट काढली नाही.

"शिस्टर, माजी वनिता जेवत न्हाय. भिताडाकडं तोंड करून पडलेली असते. शाळंत जायाचा सोडला. सकाळी उलट्या काढते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दोन म्हयने झाले, तिला कपडा लागला न्हाय."

वनिता नववीत होती. चार्टसमोर पहिल्या बाकावर बसलेली होती.

"तिला विचारलंत?"

"विचारला. मारला पन. तोंड उघडत न्हाय. तिचा बापूस बोलला, गावात बोभाटा व्हायच्या आत लगीन लावून टाकू. एक ठिकान आलाय. बिजवर हाय, टरकवाला. रविवारी पावणं येतान."

मी म्हटलं, तिला घेऊन या. आणि ती आली की तुम्ही बाहेर बसायचं.

वनिता आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. ओठ पांढरे, डोळे खोल. मी तिला पाणी दिलं, नाडी पाहिली, पापणी उलटून पाहिली. रक्त कमी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी काहीच विचारलं नाही, नुसती शेजारी कापसाचे बोळे करत बसले. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, "संयोग म्हणजे काय, सिस्टर?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मराठीच्या बाईंना विचारलेलं. त्या बोलल्या, संयोग म्हणजे दोन गोष्टी एकत्र येणं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चुलतबहिणीच्या हळदीला नाचगाणं चाललं होतं. मांडवामागे पाणी आणायला गेली असताना पाहुण्यातल्या एका मुलाने तिचा हात धरला आणि गालाचा मुका घेतला. ती हात सोडवून पळाली. एवढंच. आणि त्यानंतर पाळी आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे हाताला हात लागला तेव्हा काहीतरी न दिसणारं तिच्या अंगात शिरलं असणार, संयोग झाला असणार, म्हणून पाळी थांबली. मैत्रिणीने कच्ची पपई खायला सांगितली, ती तिने खाल्ली, त्याने उलट्या झाल्या. उलट्या म्हणजे दिवस गेल्याची खूण, हे तिने घरात ऐकलेलं होतं.

तिच्या विचारात कुठेही चूक नव्हती. आम्हीच मधली एक पायरी गाळली होती आणि त्या पोरीने ती आपल्या परीने भरून काढली होती.

आता मला ती पायरी सांगायची होती, आणि तिथे माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे शब्दच नाहीत. एक पुस्तकातले शब्द होते, ज्यांनी तिची ही दशा केली होती. दुसरे रस्त्यावरचे, जे शिवी म्हणूनच कानावर पडतात. मधले शब्द मला कुणी दिले नव्हते. नर्सिंगच्या शाळेतही नाही, घरी तर नाहीच. मी बायका आपापसात बोलतात तसं, जमेल तसं सांगितलं. शरीराचा कोणता भाग, कुठे, कसं, आणि त्याशिवाय मूल राहू शकत नाही. हात धरून नाही, मुका घेऊन नाही, एका बाकावर बसून नाही. पाळी नवीन असताना पुढेमागे होते, खाणं सोडलं की आणखी लांबते, आणि तू गेले कित्येक दिवस जेवली नाहीस.

तिने एकच विचारलं. "नक्की?"

"नक्की."

ती रडली नाही. आपल्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण मी त्याला हात धरू दिला नव्हता. त्यानं विचारलं पण नव्हतं."

"मग ती चूक त्याची. तुझी काहीच नाही."

"आईला हळदीचं सांगू नका. बाबा त्याला मारतील आणि मग सगळ्यांना कळेल."

मी कबूल केलं. आईला काय सांगायचं आणि काय नाही, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं आणि मग हिराबाईला आत घेतलं. मी म्हटलं, पोटात काही नाही, रक्त कमी आहे, आणि पोरीला भलतीच भीती बसली होती कारण तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. काय भीती, तेही सांगितलं. हळदीतल्या त्या मुलाचा विषय मात्र टाळला.

हिराबाई स्टुलावर बसली. लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मना पन कोनी सांगितला नवता, शिस्टर. लगीन झाला तवा मी हिच्याहून थोरी मोटी. आयशी येवराच बोलली, तो सांगल तसा कर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधाबांधानी पलत माहेरी गेली. मामानी आनून सोरली परत." थोडं थांबून म्हणाली, "मना वाटलेला, हा माज्याच नशिबाचा हाय."

वनिता आईकडे बघत होती. त्या दोघींत या आधी असं बोलणं कधी झालं नसणार. मी उगाच बाहेर जाऊन औषधं काढत बसले.

हिराबाईने घरी नवऱ्याला काय सांगितलं मला माहीत नाही. रविवारी पाहुणे आले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात वनिता पुन्हा शाळेच्या रस्त्याला दिसली.

मग मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, मला मुलींशी बोलू द्या. चार्ट नको, भाषण नको, दहा-दहा मुली माझ्यासमोर खाली बसतील आणि त्या विचारतील ते मी सांगेन. मुख्याध्यापक भला माणूस, पण शाळा समितीचे अध्यक्ष होते सगळा गाव ज्यांना भाऊ म्हणायचा ते. त्यांची परवानगी हवी. शाळा भाऊंनी दिलेल्या जमिनीवर उभी होती. त्यांनी पालकांची सभा बोलावली.

भाऊ धोतर-टोपीतले, कमी बोलणारे. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते, हे आधीच सांगते. ते म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण हे ज्ञान वेळ आली की आपोआप येतं. पोरींना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगा, चांगलं वळण लावा. नको ते दाखवलं की नको तिकडे लक्ष जातं." पालकांनी माना डोलावल्या. मी रक्ताचं, पाळीचं, स्वच्छतेचं बोलले, पण मला दिसत होतं की सभा भाऊंची आहे.

तेव्हा मागून हिराबाई उठली. बायका दाराशी एका बाजूला बसल्या होत्या. ती उभ्या उभ्याच बोलली.

"भाऊ, आपोआप येतंय म्हनतान, तर कुटून येतंय? एका पोरीला येवरीशी गोष्ट कोनी सांगितली न्हाय, तर ती खायाचा प्यायाचा टाकून मराया टेकलेली. तिला वाटलेला, आपल्या पोटात पोर हाय. तिच्या अंगाला कोनी शिवला नसताना. आयबाप तिचा लगीन लावून देत होते बिजवराला. तिचा वळन चांगलाच होता, भाऊ. वळनाचा काय चुकला?"

पुरुषांच्या बाजूने कुणीतरी विचारलं, "कुनाची पोर?"

मी हिराबाईकडे बघून मान हलवली, सांगू नका म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माजीच," ती म्हणाली आणि खाली बसली.

 भाऊ टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "मुलींना सांगा. पण आया सोबत बसल्या पाहिजेत. आया ऐकतील, तेच पोरी ऐकतील." सभा संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला पोरींच्या अंगाची भीती नाही, बाई. गावाच्या तोंडाची आहे. हिराने आज पोरीचं नुकसान केलं."

ते खोटं नव्हतं. वनिता दहावी झाली, एक चांगलं स्थळ चालून आलं, बोलणी पक्की होत आली, आणि सभेतली गोष्ट वाटेत तिखटमीठ लागून त्यांच्या घरी पोचली. त्यांनी नकार कळवला. भाऊ स्वतः त्या घरी समजूत घालायला गेले. हे मला फार नंतर कळलं. त्यांचा शब्द कुणी टाळत नसे, पण त्यांनाही हात हलवत परत यावं लागलं. हिराबाई त्या दिवसांत माझ्याकडे आली नाही. मीच तिच्या घरी गेले तेव्हा ती भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "बोलली ती बोलली. परत येल आली तर परत बोलन." वनिताने मात्र मला आत नेऊन चहा दिला आणि म्हणाली, "बरंच झालं. मला बालवाडीचं शिक्षण घ्यायचंय." दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, कल्याणच्या बाजूला. त्या सासूने म्हणे हिराबाईचं भाषण प्रत्यक्ष ऐकलेलं होतं आणि अशा बाईची लेक घरात हवी असं तिला वाटलं. खरंखोटं माहीत नाही, मला ते खरं मानायला आवडतं.

आया सोबत बसवायची भाऊंची अट मला सुरुवातीला जाच वाटली. आया समोर असल्या की मुली तोंड उघडायच्या नाहीत. मग मी वेळ वाटून घेतला. मुलींशी वर्गात बोलायचं, आया व्हरांड्यात. मग आयांशी बोलायचं, मुली व्हरांड्यात. झालं असं, की मुलींचे प्रश्न लवकर संपायचे आणि आयांचे संपायचे नाहीत. चार-चार मुलांच्या आया मला विचारायच्या की मूल नेमकं कुठून येतं ते ठीक, पण राहतं कधी? मुलगी झाली तर दोष कुणाचा? नवऱ्याला नाही म्हणता येतं का? त्या शेवटच्या प्रश्नाला सगळ्या हसायच्या आणि मग सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायच्या.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एक दिवस शाळेचे पीटीचे शिक्षक अन्वर सर व्हरांड्यात माझी वाट बघत थांबले होते. भिवंडी शहरातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, घरचं बोलणं आमच्या गावकऱ्यांच्या बोलीच्या जवळचंच. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही अर्धाच वर्ग शिकवताय. ज्यांनी हात आवरायचे ते माझ्याकडे मैदानावर मोकाट आहेत."

मी म्हटलं, मुलगे माझ्याशी बोलणार नाहीत. ते म्हणाले, माझ्याशी बोलतील, पण मला माहिती कुठे आहे? मग त्यांची आणि माझी एक शिकवणीच सुरू झाली. ते दर आठवड्याला केंद्रात यायचे, मुलांचे प्रश्न सांगायचे, ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नसेल ते मला विचारायचे. "हे मलापण माहीत नाही, सिस्टर, दोन पोरांचा बाप असून," असं सरळ म्हणायचे.

त्यांची पद्धत माझ्यापेक्षा अगदी वेगळी. मी समोरासमोर बसवायची. ते म्हणायचे, मुलग्याला समोर बसवलं की तो जमिनीकडे बघतो नाहीतर दात काढतो. ते मुलांना कबड्डीचं मैदान करायला लावायचे. माती टाकायची, पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. चार-पाच मुलं आणि सर एकाच बाजूने रोलर ओढत असले की कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. मग एखादा हळूच विचारायचा, "सर, त्या भिंतीवर लिहिलंय ते खरं आहे का?" भिवंडीच्या रस्त्यांवर भिंतीभिंतीवर जाहिराती रंगवलेल्या असत, कमजोरी, जवानी की भूल, शर्तिया इलाज. मुलगे त्या वाचून आपण संपलो असं समजत. सर रोलर ओढत ओढत सांगायचे, की झोपेत होतं ते नैसर्गिक आहे, त्याने माणूस कमजोर होत नाही, आणि तंबू टाकून औषधं विकणाऱ्या बाबाकडे जाऊ नका. मुलींविषयी विचारलं तर म्हणायचे, "तिला काय वाटतं ते तिला विचारायचं. नाही म्हणाली तर विषय संपला. कबड्डीत रेषेपलीकडे पाय गेला की आऊट, तसं." मला वाटतं, आमच्यापैकी सगळ्यांत चांगला वर्ग त्यांचाच होता, आणि मैदानही त्या वर्षी तालुक्यात सगळ्यांत चांगलं होतं.

नव्वद साल उलटलं आणि एड्सचं नाव आलं. भिवंडीत ट्रकवाले, बाहेरगावचे एकटे कामगार, शहरात तसल्या वस्तीची गल्ली. त्यामुळे वरून आदेश आले, पथकं आली. एक पथक स्लाइड घेऊन आमच्या शाळेतही आलं. यावेळी मुलगे-मुली वेगळे करण्याइतकीही उसंत त्यांना नव्हती. पडद्यावर हाडांचा सापळा झालेला माणूस, अंगावर फोड, शेवटी कवटी. एक मुलगा चक्कर येऊन पडला. पथकाचे प्रमुख मला म्हणाले, "घाबरले की शिकतात." मी डॉक्टरांच्या चार्टला हसले होते, पण या स्लाइडनंतर तो चार्ट मला फार सभ्य वाटला.

हिराबाईचा धाकटा सुरेश तेव्हा त्या शाळेत शेवटच्या वर्षाला होता. अन्वर सरांच्या रोलरवर घडलेला. शाळा सुटल्यावर थोडे दिवस लूमवर शिफ्ट केली, मग मानकोली-दापोड्याकडे गोदामं उभी राहायला लागली तिथे माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायला लागला. काही वर्षांनी लग्न ठरलं. मुलगी दापोड्याची, मनीषा, बारावी झालेली.

लग्न दोन-तीन महिन्यांवर असताना एक दिवस अन्वर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून केंद्रात घेऊन आले. म्हणाले, "माझ्याकडे आला. मैदानावर येऊन नुसता रोलर ओढत होता. मी ओळखलं." आणि ते बाहेर जाऊन बसले.

सुरेशने दार लोटलं. तो ट्रकवाल्यांबरोबर एकदा त्या गल्लीत गेला होता. त्यानंतर लघवीला जळजळ सुरू झाली. कित्येक आठवडे तो कुणाला बोलला नव्हता. त्याला पक्कं वाटत होतं की स्लाइडमधला माणूस आता तोच.

"दवाखान्यात का नाही आलास?"

"ते चित्र डोळ्यासमोर यायचं. वाटायचं, इथं पन तेच सांगतील. सरांकडं गेलो, कारन सर कधी घाबरवत न्हाय." मग म्हणाला, "पन सिस्टर, खरं सांगू? त्या चित्रामुलंच मी परत तिकडं गेलो न्हाय. दोस्त बोलवायचे तरी."

हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते, कारण इतकी वर्षं मी त्या स्लाइडवाल्यांना नावं ठेवत आले आहे. भीतीने त्याला दुसऱ्यांदा जाण्यापासून रोखलं. त्याच भीतीने त्याला औषधापासूनही रोखलं. दोन्ही एकाच मुलाच्या बाबतीत घडलं. माणसाला घाबरवून एका जागी थांबवता येतं, पण तिथून पुढे कुठे जायचं ते भीती सांगत नाही.

त्याची जळजळ हा साधा, बरा होणारा आजार होता. डॉक्टरांनी औषध दिलं, काही दिवसांत गेला. एड्सच्या तपासणीसाठी रक्त ठाण्याला पाठवलं. त्यात काही निघालं नाही, पण हा रोग रक्तात दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि तोवर लग्न नको. हे ऐकून तो खचला. "घरी काय सांगू? मनीषाला काय सांगू?"

मी म्हटलं, "घरी काय सांगायचं ते तू ठरव. मनीषाला खरं सांग. तिच्या जिवाचा प्रश्न आहे, तिला माहीत असायला हवं. मग ती नाही म्हणाली तर ऐकून घे."

 मला खात्री नव्हती की तो सांगेल. लग्नाची तारीख पुढे गेल्याचं कानावर आलं, कारण काय दिलं ते कळलं नाही. हिराबाई एकदा रस्त्यात भेटली, थांबली, म्हणाली, "पोरगा तुमच्याकडं येऊन गेला, मना माहीत हाय. काय झालाय ते विचारनार न्हाय. बरा होल का येवराच सांगा." मी होईल म्हटलं. मला ते ठामपणे माहीत नव्हतं, तरी म्हटलं.

तीन महिन्यांनी दुसरा कागद आला. तोही स्वच्छ. मी निरोप पाठवला आणि दुपारी सुरेश आला. बरोबर एक मुलगी होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, हातात छत्री. ती मनीषा. त्याने तिला सांगितलं होतं, सगळं सांगितलं होतं. नंतर कळलं की ती महिनाभर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. मग तिनेच निरोप धाडला होता की रिपोर्ट घ्यायला मीपण येणार.

मी रिपोर्ट दोघांना वाचून दाखवला. सुरेशने डोळे मिटून घेतले. मनीषाने कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला, तारीख पाहिली, नाव पाहिलं. मग म्हणाली, "सिस्टर, लग्नाआधी काय काय माहीत असायला पाहिजे ते आम्हाला सांगा. मूल इतक्यात नको आहे. निरोधचं पण सांगा."

मी इतक्या वर्षांच्या सवयीने म्हटलं, "सुरेश, तू जरा बाहेर थांब. हिला आधी सांगते, मग तुला वेगळं सांगते."

तो उठायला लागला. मनीषा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ते कशाला बाहेर? मला एक सांगाल, त्यांना दुसरं सांगाल, मग घरी जाऊन आम्ही काय जुळवत बसायचं?"

 मुली वर्गात, मुलगे मैदानावर, आया व्हरांड्यात, इतकी वर्षं मी सगळ्यांना वेगवेगळं बसवत आले होते. आणि त्या सगळ्यांना पुढे एकाच घरात राहायचं होतं. मी सुरेशला बस म्हटलं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये तिची छत्री.

मी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तोच मनीषाने मला हाताने थांबवलं आणि पहिला प्रश्न विचारला. तो माझ्यासाठी नव्हताच.

"तुम्हाला तिकडे भीती वाटली नाही?" तिने सुरेशला विचारलं.

सुरेश तिच्याकडे वळला. मग तो बोलू लागला, आणि मी हातातले कागद खाली ठेवून ऐकत बसले.